वजा केलेला आवाज

“मग काढलंस ते ठेवलंस कुठं?”

“काय, तात्या?”

“खरखर. तडतड. सगळी काढली म्हणतेस. काढली ती गेली कुठं?”

ऋजुताला हसू आलं. “कचरा कोण ठेवतं, तात्या? पुसून टाकला.”

तात्यांनी मान हलवली. पटलं म्हणून हलवली की नुसतीच, ते तिला कळलं नाही.

थंडीतली दुपार होती. पन्हाळ्यावर वारा सुटला होता आणि तात्यांच्या घराची पुढची खिडकी मधूनच कुरकुरत होती. बाहेरच्या खोलीत ऋजुताने सकाळपासून खपून स्पीकर मांडले होते. तीन समोर, टीव्हीच्या आजूबाजूला. दोन मागे. त्यातला एक स्टुलावर, आणि दुसऱ्याला जागा मिळेना म्हणून पिठाच्या डब्यावर. घुमारा देणारा मोठा ठोकळा कोपऱ्यात. सगळ्यांच्या मधोमध तात्यांची वेताची खुर्ची.

खिडकीपाशी मालाताई बसल्या होत्या. सांगलीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, साठीच्या बाई. अंगाभोवती शाल घट्ट, आणि हात मांडीवर एकात एक.

या तिघांना तिथं एकत्र आणलं होतं एका सिनेमाने. ‘दूरची तुळस’. साठ वर्षांपूर्वीचा, काळापांढरा. त्यातली आई ज्यांनी रंगवली त्या अनसूयाबाई रणनवरे म्हणजे मालाताईंच्या आई. त्याचा आवाज ज्यांनी मुद्रित केला ते यशवंत इंगवले, म्हणजे तात्या. आणि तो आवाज आता ज्या मुलीने धुऊनपुसून लख्ख केला ती ऋजुता कानिटकर, तात्यांची शिष्या.

शिष्या म्हणजे रीतसर शिष्या. शिक्षण संपल्यावर ती पन्हाळ्यावर एक खोली घेऊन राहिली होती, तात्यांकडे शिकायला. तात्यांनी तिला यंत्र दाखवलंच नाही. दुपारी पायरीवर बसवायचे आणि विचारायचे, “काय ऐकू येतंय?”

“वारा.”

“आणि?”

“पाखरं.”

“आणि?”

संध्याकाळ होईपर्यंत त्यांचं ‘आणि’ संपायचं नाही. ऋजुताला कधीकधी रडू यायचं. पण दोन वर्षांनी ती मुंबईला गेली तेव्हा तिच्यासारखा कान तिच्या वयाच्या कोणाला नव्हता. मग तिने यंत्रंही शिकून घेतली. जुन्या सिनेमांच्या डिस्क निघतात, त्यांचा आवाज साफ करायचं काम तिच्याकडे यायला लागलं. घरात मोठमोठे पडदे आणि स्पीकर लावणारी मंडळी खोक्याच्या पाठीमागे तिचं नाव आहे का ते आधी बघायची. मूळ सिनेमा थिएटरात लागला तेव्हाही असा ऐकू आला नसेल, असं कोणीतरी लिहिलं होतं. ऋजुताने ते वाक्य पुष्कळ दिवस मनात घोळवलं होतं.

आणि आता हा सिनेमा. प्रत्यक्ष गुरूचा. बार्शीकडच्या एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या गोदामात त्याची एकच प्रिंट सापडली. मालाताईंनी ती मुंबईला पोचवली, आणि ऋजुताने वर्षभर त्यात जीव ओतला.

छापखान्यातून नमुन्याचं खोकं कालच हातात पडलं होतं. तात्यांचा होकार मिळाला की उद्या छपाई सुरू व्हायची होती. होकार मिळणार याची ऋजुताला खात्री होती. तिला तेवढाच नको होता. तिला एक शब्द हवा होता. इतक्या वर्षांत तात्यांनी तिला ‘छान’ म्हटलं नव्हतं.

तिने खोकं त्यांच्या हातात दिलं.

तात्यांनी ते उलटसुलट केलं. वरचं सैल म्यान ओढून काढलं. आत कडक पुठ्ठ्याचा डबा निघाला, त्याच्यावर तुळशीवृंदावनाचं चित्र, बोटाला लागेल असं उठावाचं. डबा उघडला. आत घडीचं आवरण. आवरणात पुस्तिका. पुस्तिकेखाली जुन्या फोटोंचं पाकीट, त्याच्याखाली पोस्टरची छोटी घडी.

“अजून आत काय?” तात्या म्हणाले.

“बघा ना.”

त्यांनी शेवटची घडी उलगडली. डिस्क चकाकली. तात्यांनी तिच्यात आपलं तोंड बघितलं, आणि सगळं जसं होतं तसं परत घालायला घेतलं. पोस्टर काही नीट बसेना. मालाताई उठल्या आणि त्यांनी ते बसवून दिलं.

“लई नीट बांधलंय,” तात्या म्हणाले.

खोक्याच्या पाठीवर ठळक अक्षरात छापलं होतं : एकही खरखर नाही. जणू कालच मुद्रित केलेला आवाज.

तात्यांनी ते वाचलं, आणि मग तो प्रश्न विचारला होता. काढलंस ते ठेवलंस कुठं.

“लावते आता,” ऋजुता म्हणाली. “तुम्ही फक्त मधोमध बसा. हलू नका. सगळा आवाज त्या खुर्चीच्या मापाने बसवलाय.”

तात्या हलले नाहीत.

सिनेमा सुरू झाला. ऋजुता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. गावातली पहाट आली. समोरून जात्याची घरघर आली. डावीकडून कोंबडा आरवला. आणि मग नदी आली, मागून, पिठाच्या डब्यावरून, हळूहळू खोलीभर पसरत. पाण्याचा शब्दन् शब्द सुटा ऐकू येत होता. मालाताईंनी नकळत पाय वर घेतले.

तात्या उठले. खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली, आणि टीव्हीकडे पाठ करून बसले.

“तात्या…?”

“नदी तिकडं गेली न्हवं? बघतो तिला.”

ते पिठाच्या डब्याकडे बघत बसले. पडद्यावर अनसूयाबाई पाणी भरत होत्या, आणि तात्या डब्याकडे बघत होते.

ऋजुताने सिनेमा थांबवला.

“तात्या, तो सराउंड आवाज आहे. ऐकणारा नदीच्या मधे उभा असल्यासारखा वाटतो. आता सगळ्यांच्या घरी असंच ऐकतात. तुमच्या वेळी एकच स्पीकर होता म्हणून सगळं समोरून यायचं. मी मागची जागा भरून काढली.”

“मागं मोकळी जागा होती म्हणतेस.”

“होतीच ना. मागे काय होतं?”

तात्यांनी डब्यावरची नजर काढली. मग म्हणाले, “मागं आम्ही होतो.”

…

“कॅमेरा, दिवे, आणि आम्ही. श्वास धरून उभे. कुणाचा पाय अवघडला तरी हलवायचा नाही. मागं नदीबिदी नव्हती, पोरी. माणसं होती.”

 ऋजुताची कानशिलं तापली. म्हातारपण, तिच्या मनात आलं. त्यांना नव्या गोष्टी आता कशा कळणार. आणि ते मनात आल्याची तिला लगेच लाजही वाटली.

तात्यांनी खुर्ची पुन्हा फिरवली, पडद्याकडे.

“निरोपाचं लाव,” ते म्हणाले.

निरोपाचा प्रसंग म्हणजे ‘दूरची तुळस’. बाकी सिनेमा विसरलेल्यांनाही तो आठवतो. मुलगा गाव सोडून निघालाय. आई दारात उभी. एका हाताने चौकट धरलेली. ती म्हणते, “जा.” मग थांबते. बराच वेळ थांबते. आणि मग म्हणते, “वळून बघू नकोस.”

ऋजुताने तो लावला.

“जा,” अनसूयाबाई म्हणाल्या.

मग शांतता. ऋजुताच्या मते तिने आजवर केलेल्या कामातली सगळ्यात सुंदर शांतता. तिच्यात तिळाएवढाही डाग नव्हता. महागातले स्पीकर लावून बसलेल्या माणसालाही तिथं स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू आलं नसतं.

“वळून बघू नकोस.”

तिने थांबवलं. खिडकी कुरकुरली.

मालाताई इतका वेळ गप्प होत्या. आता त्या आपणहून बोलायला लागल्या.

“लोक मला विचारतात. अजूनही. तुमच्या आईंनी ती जागा कशी घेतली हो, म्हणून. पुस्तिकेतसुद्धा एकाने दोन पानं लिहिलीत त्या थांबण्यावर. मी काय सांगणार? मी कुठे होते तिथं? मला ती सेटवर कधी घेऊनच गेली नाही.”

तात्यांनी मान वर केली.

“मला मावशीने वाढवलं, सांगलीला,” मालाताई म्हणाल्या. “आई यायची, महिन्यातून एकदा. खाऊ आणायची. मला तिच्याशी काय बोलायचं तेच कळायचं नाही. मावशी म्हणायची, आईला कामात लुडबुड चालत नाही, म्हणून तुला लांब ठेवलंय. मी ते धरूनच मोठी झाले. नंतर म्हातारपणी ती माझ्याकडेच होती. मी सगळं केलं तिचं. पण हे काही विचारलं नाही… राहूनच गेलं.”

त्या हसल्या. “खरं सांगायचं तर तिचा आवाज मला घरापेक्षा सिनेमातच जास्त ऐकायला मिळाला. म्हणून हा खटाटोप. निदान तो तरी स्वच्छ असावा.”



तात्या ऋजुताकडे वळले. “काढलेलं ऐकव.”

“तात्या, मी म्हटलं ना, ते…”

“ऐकवता येत न्हाई?”

येत होतं. ऋजुताला ते पक्कं माहीत होतं. मूळ आवाज तिच्याजवळ होता, साफ केलेलाही होता. एकातून दुसरा वजा केला की जे उरतं ते काढलेलं. चांगले कारागीर अधूनमधून ते ऐकूनही बघतात, चुकून काही मोलाचं तर गेलं नाही ना म्हणून. तीही सुरुवातीला ऐकायची. अलीकडे तिला तशी गरज वाटत नव्हती.

“नुसती खरखर ऐकू येईल,” ती म्हणाली. “शब्द नाही यायचे.”

“येऊ दे.”

तिने लॅपटॉप उघडला. वजाबाकी केली. पडदा बंद ठेवला आणि फक्त समोरचा मधला स्पीकर चालू ठेवला.

खोलीत खरखर सुरू झाली. दूर कुठे पत्र्यावर वाळू पडत असावी तशी. मधून एक तडतड, मधून एक टक्. अनसूयाबाई त्यात नव्हत्या. त्यांचा शब्द जिथे असायचा तिथे नुसती पोकळी येऊन जात होती.

पण ऐकता ऐकता ऋजुताचा कान सरावला, आणि त्या खरखरीच्या आतून एकेक काही वर यायला लागलं. कोणाची तरी चप्पल फरशीवर किंचित सरकली. कोणीतरी आवंढा गिळला. दिव्याचं काहीतरी गुणगुणत होतं, एका सुरात. खरखरीच्या मागे एक अख्खी खोली उभी होती. खोलीत माणसं होती.

‘जा’ची पोकळी येऊन गेली.

आणि मग… “अं…हं…”

मालाताईंनी झटकन मान वळवली.

“अं… अं…” बारीक, ओलसर. झोपेतून उठू की नको अशा बेतातलं. पाठोपाठ कापडावर हात पडल्याचा मऊ आवाज. थप… थप… थप. मग ते “अं” लांबलं, विरलं. थपथप मात्र आणखी थोडा वेळ चालू राहिली.

मग ‘वळून बघू नकोस’ची पोकळी.

ऋजुताने हात पुढे करून आवाज थांबवला.  तिला आता आठवलं. आवाज चित्रासारखा उमटतो त्या तिच्या पडद्यावर या जागी एक डाग दिसला होता, ढगासारखा. सेटवर मांजर शिरलं असेल, असं तिला वाटलं होतं. तो यंत्राने नीट निघत नव्हता, म्हणून तिने तो हाताने पुसला होता. थोडा थोडा करून. एक अख्खी दुपार घालवून.

“हे काय होतं?” मालाताई म्हणाल्या. “तात्या, हे बाळ कुणाचं?”

तात्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि मधे वीतभर, दीड वीतभर अंतर धरलं.

“एवढीशी होतीस,” ते म्हणाले.

…

“दिव्यांचं लाकडी खोकं होतं. रिकामं. त्यात दुपटं घालून निजवली होती तुला. माझ्या यंत्राशेजारी. अनसूयाबाई म्हणाल्या, इंगवले, तुमच्या बाजूला सगळ्यात शांत असतं, तिथं राहू दे.”

मालाताई खुर्चीत पुढे सरकल्या.

“तुला घेऊनच यायच्या रोज,” तात्या म्हणाले. “शॉट झाला की खोक्यापाशी. शॉट झाला की खोक्यापाशी. पण दिव्यांची धग लई वाईट. तुझ्या अंगभर घामोळं उठलं. दूध पिईनास. डॉक्टर ओरडला त्यांना. मग मावशीला बोलावून घेतलं. हा शॉट झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुला सांगलीला धाडली.”

“दुसऱ्या दिवशी…”

“होय.”

“म्हणजे त्या दिवशी तिला माहीत होतं.”

तात्यांनी शाल गुडघ्यावर ओढून घेतली.

मग ते म्हणाले, “त्या ‘जा’ म्हणाल्या आणि तू कुरकुर केलीस. सगळे हबकले. आता ही रडणार आणि शॉट जाणार. बाई दारातच. इकडं बघितलं न्हाई. चौकट धरून उभ्या राहिल्या, तू निजेपर्यंत. मग म्हणाल्या पुढचं.”

“आणि पुन्हा नाही घेतला शॉट?” ऋजुताने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “एवढा आवाज आला असताना?”

“दिग्दर्शक म्हणाले घेऊ या. बाई म्हणाल्या, मी हे वाक्य दुसऱ्यांदा म्हणणार न्हाई.”

मालाताईंनी शालीचं टोक तोंडावर धरलं. त्या रडत होत्या, पण रडण्याचा आवाज येत नव्हता. ऋजुता उठून त्यांच्याजवळ गेली. काय करावं ते सुचेना, म्हणून नुसती त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली. मालाताईंनी तिचा हात धरला, घट्ट. जिने तो आवाज पुसला होता तिचाच हात.

“पुन्हा लाव,” त्या म्हणाल्या.

ऋजुताने लावलं.

“अं…हं…”

थप… थप… थप.

“हे थोपटतंय कोण?” मालाताईंनी विचारलं.

ऋजुताने तात्यांकडे पाहिलं. तात्या खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा उजवा हात गुडघ्यावरच्या शालीवर होता, आणि स्पीकरमधल्या हाताबरोबर तो पडत होता. थप… थप… थप. हातावरच्या शिरा वर आलेल्या, बोटं जराशी वाकलेली.

मालाताईंनीही ते पाहिलं. मग विचारायचं काही उरलं नाही.

त्यांनी ते पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. मधे तात्यांनी उठून चहा केला. तो निवला, तरी कोणी प्यायलं नाही.

शेवटी मालाताईंनी डोळे पुसले, खोकं उचललं आणि उलटं केलं. खरखर नाही, या ओळीवरून त्यांनी अंगठा फिरवला.

“हे काढू या का गं?” त्या ऋजुताला म्हणाल्या. अगदी हलक्या आवाजात, तिला लागू नये अशा बेताने.

“काढू या,” ऋजुता म्हणाली.

“आणि याचं पुस्तिकेत काही लिहायला नको. ज्याला ऐकू येईल त्याला येईल.”

छपाई लांबली. ऋजुताने पुन्हा पहिल्यापासून काम केलं. नदी समोर आणली, जिथे ती आधी होती. कान दुखतील अशी तडतड तेवढी काढली. खरखर बरीचशी राहू दिली, पातळ सुती पडद्यासारखी. आणि निरोपाच्या प्रसंगाला हात लावला नाही.

पुढे डिस्क बाजारात आली. खोक्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, उठावाच्या चित्राचं तर फारच. आवाजाबद्दल मात्र कुरबुर झाली. घरी मोठं थिएटर बांधून घेतलेल्या एका गृहस्थांनी लिहिलं, की त्या सुप्रसिद्ध शांततेत मागे चक्क मांजरासारखा आवाज येतो आणि कोणीतरी काहीतरी आपटतं. कानिटकरबाईंच्या नजरेतून एवढी ढोबळ गोष्ट सुटली कशी? ऋजुताने ते वाचलं. उत्तर लिहायला बोटं शिवशिवली. मग तिने लॅपटॉप मिटला आणि खिडकीत जाऊन उभी राहिली. आश्चर्य म्हणजे तिला वाईट वाटलं नाही.

पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी संध्याकाळी स्पीकर गाडीत भरून झाले, मालाताई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, आणि तात्या मफलर गुंडाळत फाटकापर्यंत आले. दरीतून धुकं वर यायला लागलं होतं. ऋजुता गाडीपर्यंत गेली आणि परत आली.

“तात्या.”

“हं.”

“मी ते मांजर समजले.”

तात्यांनी मान डोलावली. त्यात राग नव्हता.

“तुमचा हात होता त्यात,” ती म्हणाली. “मी तुमच्याकडे दोन वर्षं राहिले. या हातचा चहा प्यायले. आणि मला ओळखू आला नाही.”

“मलापण आला नसता. अंधारात आपलाच हात कुठं ओळखू येतो?”

ती हसली, आणि मग तिला रडू यायला लागलं. तिने ते आवरलं नाही. तात्या फाटकाला टेकून उभे राहिले, तिचं होईपर्यंत.

“आता मला भीती वाटते,” ती म्हणाली. “माझ्याकडे आणखी कितीतरी सिनेमे पडलेत. प्रत्येकात खरखर आहे. आता प्रत्येक खरखरीत मला वाटत राहणार, आत कोणीतरी आहे. मग मी काढू तरी काय? का काही काढूच नको?”

तात्यांनी मफलरचं टोक आत खोचलं.

…

गाडीत मालाताईंनी काच खाली घेतली होती. त्याही ऐकत होत्या.

“काढ की,” तात्या म्हणाले. “काढायचंच काम आहे तुझं. फक्त काढायच्या आधी, दारात अनोळखी पोर दिसलं की विचारतो न्हवं आपण, तसं विचारत जा त्याला… ‘कुणाचं रं तू?’”